टोपीच्या वर चार बोटं

घरचा जुना कूलर भंगारात द्यायचा म्हणून आईनं तो अंगणात काढून ठेवला आणि बाबांनी त्याच्या पत्र्याची ट्रकला टोपी केली. आमच्या घरातल्या वर्षभराच्या भांडणाचं मूळ हे एवढंच. आई अजूनही म्हणते, तो भंगारवाला त्या दिवशी वेळेवर आला असता तर पुढचं काहीच झालं नसतं.

ट्रक दादाचा. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. आमचे आजोबा भंडाऱ्याकडची शेती सोडून इथं भिलाईच्या पोलादाच्या प्लांटात लागले, बाबा प्लांटात फिटर म्हणून रिटायर झाले, तेव्हा दादानंही तिथंच चिकटावं असं सगळ्यांना वाटत होतं. पण त्याच्या बुडाखाली लहानपणापासून भिंगरी. त्यानं जुना ट्रक घेतला आणि भिलाई ते नागपूर सळया वाहायला लागला. ट्रक आमच्या वैशाली नगरच्या गल्लीत शिरत नाही, म्हणून तो जवळच्या कुरुदला ओळखीच्यांच्या एका मोकळ्या प्लॉटवर उभा असतो. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. आणि मी? मी शाळेत शिकवते, आईबाबांजवळ राहते आणि घरातल्या झाडून साऱ्या ऑनलाइन कामांची हमाली करते. दादाच्या गाडीचा विमा, परमिट, फिटनेस, सगळं माझ्या मोबाइलवर येतं. गाडी तो चालवतो आणि घाम मला फुटतो.

बाबांना आयुष्यभर एकच नाद. कुठलीही वस्तू दिसली की हिच्यात काय सुधारता येईल? प्लांटात त्यांच्या खात्यात सुझाव पेटी होती. कामगारांनी तिच्यात सूचना टाकायच्या, सूचना घेतली गेली की बक्षीस मिळायचं. स्टीलचा डबा, भिंतीवरचं घड्याळ, असं काहीबाही. बाबांनी दरवर्षी सूचना टाकल्या. एकही घेतली गेली नाही, आणि त्यात दोष कोणाचाच नव्हता. एक तर ती सुधारणा आधीच कोणीतरी करून टाकलेली असायची, नाही तर ती करायला अर्धं खातं पाडावं लागलं असतं. पण आईला तेवढं पुरे होतं. घरात कोणी वेळ विचारली की ती बाबांकडे बघून म्हणायची, "आमाले कसं माहीत असन? आमच्या घरी घड्याळ कुठं आलं?" भिंतीवर चांगली दोन घड्याळं टिकटिक करत असताना!

तर रिटायर झाल्यावर बाबा पावर हाउसच्या बाजारात भाजी आणायला जायचे आणि बिनभाजीचे परत यायचे. रस्त्याच्या कडेला चहा घेत ट्रक बघत बसायचे. एक दिवस असेच आले, पिशवी रिकामी आणि डोळे चमकत.

"नव्या गाड्यांच्या केबिनवर उतरतं छप्पर असते, पाह्यलं का तुमी? समोरचा वारा त्याच्यावरून सरळ घसरून जाते. आपल्या गाडीत तो मागं माल भराच्या डाल्याच्या फळीवर थडकते. ते थडकणं म्हणजे डिझल हाय, डिझल!"

"अन् टमाटे?" आईनं विचारलं.

टमाटे कोणाच्या लक्षात राहतात! त्याच दुपारी बाबांनी कूलर खोलला.

नुसत्या टोपीवर थांबतील तर ते बाबा कसले? त्यांना ट्रकच्या दोन्ही बाजूंना खाली झालर पाहिजे होती आणि मागं निमुळतं शेपूट. तेव्हा मी आडवी आले. म्हटलं, बाबा, सरकारचे काही नियम असतात. मग एका संध्याकाळी जेवताना मी मोबाइलवर राज्याचे ते नियम शोधले आणि ताटापाशी बसून मोठ्यानं वाचले. गाडी किती लांब, किती रुंद, किती उंच, सगळं ठरलेलं. लांबीचा नियम वाचला, बाबांनी एक उसासा सोडला. "गेलं शेपूट." रुंदीचा वाचला. "झालरही गेली." उंचीत मात्र थोडी जागा निघत होती. मला जेवढं कळलं ते असं, की वर लावलेली वस्तू घट्ट पाहिजे, तिला धारदार कोपरा नको आणि तिच्यासकट उंची हद्दीच्या आत राहिली पाहिजे. बाबांनी माझी नेलपॉलिश मागून घेतली आणि टेपवर त्या हद्दीपाशी लाल रेघ मारली. तेव्हापासून तो टेप घरात कोणी दुसऱ्या कामाला वापरायचा नाही, असा हुकूम झाला.

टोपी झाली मात्र देखणी. निळा रंग, गोलसर उतार, कडा आत दुमडलेल्या आणि त्यांच्यावर आमच्या जुन्या फ्रिजच्या दाराचं रबर. कुरुदला जाऊन बाबांनी ती केबिनवर बसवली, टेप लावला. लाल रेघेच्या थोडी खालीच होती. बाबा घरी आले ते सासरी मान मिळालेल्या जावयासारखे.

दादाचं तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं. "बाबा, ढाब्यावर सारे हसून राहिले मले. म्हणते, दूल्हा कहाँ चला? गाडीले बाशिंग बांधलं तुमी!"

"हसू दे. डिझल किती वाचलं ते सांग."

"काही नाही वाचलं. काही फरक नाही पडत त्याच्यानं."

प्रत्येक फेरीनंतर बाबा हेच विचारायचे आणि दादा हेच सांगायचा. कधी म्हणे लोड जास्त होता, कधी म्हणे घाटात जाम लागला. बाबा मान हलवायचे आणि कूलरच्या उरलेल्या पत्र्याकडे बघत बसायचे. मला राग यायचा, खरं सांगते. अरे, खोटं तरी बोल माणसा! म्हाताऱ्याच्या जिवाला बरं वाटेल. पण दादा सत्यवचनी हरिश्चंद्र. निदान तेव्हा मला तसं वाटलं होतं.

आता झेंडा. विश्वकर्मा पूजेला आमच्या भिलाईत यंत्राला, गाडीला, पान्यालासुद्धा हळदीकुंकू लागतं. आई वर्षातून त्या एका दिवशी कुरुदला येते, ट्रकची पूजा करते आणि डाल्याच्या पुढच्या फळीला, म्हणजे केबिनच्या अगदी मागं, वेळूच्या काडीवर लाल झेंडा बांधून घेते. त्याला सोनेरी किनार ती स्वतः शिवते. या झेंड्याचा तिचा एक कायदा आहे, आणि तो राज्याच्या कायद्यापेक्षा कडक आहे. बांधलेला झेंडा हातानं काढायचा नाही. वाऱ्यानंच तो न्यायचा. आणि झेंडा जिथं पडेल तिथं गाडीचं वर्षाचं विघ्न गेलं. दरवर्षी दिवाळीच्या आत झेंडा जायचा. दादा सांगायचा, राजनांदगावपाशी गेला, नाही तर देवरीपाशी गेला. मग आई निर्धास्त व्हायची आणि दिवाळीचा पहिला लाडू त्याला द्यायची.

त्या वर्षी दिवाळी आली तरी झेंड्याची बातमी नाही. आई रोज विचारायची. एक दिवस दादानं सांगितलं, "गेला ना आई. बाघ नदीच्या पुलावर गेला. सीधा पाण्यात पडला."

"पाण्यात?" आईचा चेहरा उजळला. "अरे बाप्पा! म्हणजे विघ्न वाहूनच गेलं." लाडवाच्या जोडीला तिनं त्याच्यासाठी कोथिंबिरीची सांभारवडी तळली. मला दोन मिळाल्या, त्याही तुटक्या.

होळीच्या आधी फिटनेसची तारीख आली. फिटनेस नाही तर गाडी रस्त्यावर नाही, हे दादाला पुरतं माहीत होतं. त्यानं आदल्या आठवड्यात बाबांसमोर साफ सांगितलं. "हे पाहा बाबा, इन्स्पेक्टरनं टोपीवर बोट ठेवलं तर मी तिथंच काढून फेकीन. परत परत चकरा मले जमणार नाही."

बाबांनी हातातली पक्कड खाली ठेवली. मग म्हणाले, "ठीक हाय. पण पास झाली तर या घरात टोपीवर कोणी तोंड उघडायचं नाही. तू नाही अन् तुझी मायही नाही."

सौदा ठरला. तोंडानं दोघं हसत होते, मी मात्र नियम पाठ करायला बसले. कारण बाबांनी आयुष्यात जे जे सुचवलं त्यातली ही एकच गोष्ट खरोखर रस्त्यावर धावत होती. ती मैदानात भंगारासारखी फेकली गेली असती तर बाबांनी पुन्हा कशाला हात लावला नसता. मला ते नको होतं. कूलर गेला खड्ड्यात, प्रश्न बाबांचा होता.

तारखेच्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, प्लांटचे जुने बूट पॉलिश केले. आम्ही ऑटोनं फिटनेसच्या मैदानावर पोचलो. दादा नागपूरहून रिकामी गाडी घेऊन परस्पर तिथं आला होता. गाडी धुतलेली, निळी टोपी चकाचक. आणि टोपीच्या मागं, काडीवर, सोनेरी किनारीचा लाल झेंडा.

मी दादाजवळ सरकले. "काय रे, हा बाघ नदीत बुडाला होता ना?"

"चूप बस ना," दादा दातांतून म्हणाला. "आई रोज रोज डोकं खाऊन राहिली होती. सांगून टाकलं. काढायची हिंमत नाही झाली, म्हणून राहू देला. गाडी तं कुरुदले उभी असते, पाहाले कोण येते?"

इन्स्पेक्टर आला. अंगानं भरलेला, कपाळाला टिळा, बोलायला मिठ्ठास आणि नजर ससाण्याची. ब्रेक पाहिले, दिवे पाहिले. मग मान वर करून म्हणाला, "ये क्या है?"

मी पुढं होऊन नियम म्हणायला लागले. पाठच झाले होते. त्यानं ऐकून घेतलं, केबिनवर चढून टोपी दोन्ही हातांनी हलवली. हलली नाही. कडेवरून बोट फिरवलं. रबर होतं. बाबा खाली उभे राहून श्वास रोखून बघत होते. मग उंची मोजायची काठी आली. बाबांनी खिशातून आपला टेप काढून लाल रेघ तयार ठेवली.

"टोपी तो अंदर है," इन्स्पेक्टर म्हणाला. बाबांनी श्वास सोडला. "लेकिन ये डंडी बाहर है. जो सबसे ऊपर, वही ऊँचाई."

झेंड्याची काडी टोपीच्या वर चार बोटं निघाली होती. आम्ही तिघं काडीकडे बघत राहिलो. सगळं मोजलं होतं हो बाबांनी! नट मोजले, उतार मोजला, रबराची जाडी मोजली. पण पूजेचा झेंडा म्हणजे गाडीची उंची, हे आमच्या घरात कोणाच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

"निकाल दो इसको," इन्स्पेक्टर म्हणाला.

दादानं बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

"साब, माँ का बाँधा हुआ है," दादा म्हणाला. "हाथ से नहीं निकालते."

इन्स्पेक्टरनं झेंड्याला पटकन नमस्कार केला. "पूजा का है तो मैं भी हाथ नहीं लगाऊँगा. पर ऐसे पास भी नहीं करूँगा. बाकी गाड़ियाँ देखता हूँ, तब तक सोच लो." आणि तो पुढच्या गाडीकडे गेला.

सरकार अडलं, आम्ही अडलो, आणि काडी मजेत उभी. तेवढ्यात दादाला युक्ती सुचली. त्याचा चेहरा फुलला. "सोपं हाय! टोपी काढून टाकू. मी हायवेवर एक चक्कर मारून येतो. वारा लागला की झेंडा आपोआप जाईन, मंग नुसती काडी काढाले काय? आईचाही नियम राहिला अन् गाडीही पास!"

बोलून गेला आणि थांबला. मीही थांबले. मास्तरीण आहे मी, पोरांची चोरी पकडण्यात हयात चाललीय.

"दादा, झेंडा उडवायला टोपी कायले काढाव लागते रे?"

"म्हणजे... वारा लागाले पाहिजे ना झेंड्याले."

"अन् टोपी असली तर?"

दादा टायर तपासायला लागला. कान लाल. मी झेंड्याकडे बोट केलं. रंग थोडा विटला होता, पण कापड शाबूत होतं. किनारीचा एक टाका उसवला नव्हता. दर वर्षी दिवाळीच्या आत ज्याच्या चिंध्या व्हायच्या तो पावसापासून होळीपर्यंत केबिनमागं आरामात बसून होता. वारा त्याच्या डोक्यावरून जात होता!

"तुले माहीत होतं," मी म्हटलं.

"हाव, होतं," दादा एकदम उसळला. "पहिल्याच महिन्यात समजलं. डिझलही कमी लागून राहिलं. पण ढाब्यावर तुले नाही म्हणत कोणी दूल्हा! मले म्हणते!" मग आवाज खाली आला. "चुकलं, बाबा."

मला वाटलं आता बाबा नाचतील. निदान दादाला चार शिव्या घालतील. बाबांनी टेप गुंडाळला. डोळे भरले होते त्यांचे. "काम करते म्हणजे," ते म्हणाले. "बस. मले तेवढंच पाहिजे होतं. आता काढून टाक टोपी, चक्कर मारून ये. गाडी पास झाली पाहिजे."

मैदानाच्या पलीकडं इन्स्पेक्टर दुसऱ्या एका गाडीवाल्यावर डाफरत होता. दादानं पाना हातात घेतला, पण तो वर चढेना. मलाही तिथं उभं राहवेना. मी बाजूला जाऊन आईला फोन केला आणि सांगितलं, असशील तशी ये.

आई ऑटोतून उतरली तेव्हा तिच्या हाताला कणीक होती. सरळ ट्रकपाशी आली. मान वर करून झेंडा पाहिला, मग दादाला पाहिलं.

"बाघ नदीत गेला होता ना रे?"

"आई..."

"पोहून आला वाटते."

आजूबाजूचे ड्रायव्हर हसायला लागले. दादाला धरणी ठाय देईना. आई सुरू झाली. "बह्याडा, वर्षभर विघ्न डोक्यावर घेऊन फिरून राहिला तू? अन् माह्या सांभारवड्या खाल्ल्या वरून?"

"त्याले नको बोलू," बाबा म्हणाले. "टोपीमुळं नाही गेला झेंडा. काढून घेतो आम्ही टोपी."

"तुमी चूप बसा." आई दादाकडे वळली. "खरं सांग आता. ह्या पत्र्यामुळं वारा नाही लागला?"

"हाव."

"पाणीपावसात, आंधीत, कव्हाच नाही?"

"नाही."

"अन् डिझल?"

"वाचते," दादा जमिनीकडे बघत म्हणाला.

आई बाबांकडे बघत राहिली. इतका वेळ की बाबा गडबडले आणि शर्टाची कॉलर नीट करायला लागले. "कावून हो," ती हळू आवाजात म्हणाली, "मले कावून नाही सांगितलं?"

"मलेच आत्ता समजलं," बाबा म्हणाले.

आईनं पदर कमरेला खोचला. "धर मले," दादाला म्हणाली. गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्या टाळणारी बाई केबिनच्या पायरीवर पाय देऊन डाल्यात चढली! दादा खालून आधार देत होता, बाबा "अवं, पडशीन, अवं, पडशीन" करत गाडीला प्रदक्षिणा घालत होते. इन्स्पेक्टरही काम टाकून आला. आई झेंड्यापाशी पोचली. तिनं हात जोडले, डोळे मिटले. मग गाल फुगवले आणि झेंड्यावर जोरात फुंकर मारली.

झेंडा हलला.

"लागला वारा," आई म्हणाली आणि तिनं काडी उपसून घेतली.

मैदानातल्या ड्रायव्हरांनी शिट्ट्या मारल्या. इन्स्पेक्टर पोट धरून हसत होता. "माताजी ने हवा चला दी!" त्यानं पुन्हा काठी लावली. टोपी माझ्या नेलपॉलिशच्या खालीच होती. गाडी पास झाली. जाता जाता त्यानं बाबांना विचारलं, टोपी कुठून घेतली. बाबा तोंड उघडायच्या आत दादानं सांगितलं, "मेरे बाप ने बनाई है." चांगलं मोठ्यानं सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

परत येताना आम्ही तिघं ऑटोत. आईनं मांडीवर झेंडा सोडवला, काडीपासून वेगळा केला, कणकेचे हात लागणार नाहीत अशा बेतानं चार घड्या घातल्या आणि बाबांच्या शर्टाच्या खिशात ठेवला. "घ्या तुमचं बक्षीस. घड्याळ नाही भेटलं तर नाही भेटलं."

मला राहवलं नाही. "पण आई, झेंडा जिथं पडते तिथं विघ्न जाते ना? मंग हे बाबांच्या खिशात गेलं त्याचं काय?"

"बरोबर जागी गेलं," आई बाहेर बघत म्हणाली. "ते एक विघ्न मले घरातच पाहिजे. कुठं जाऊ नये त्यानं."

बाबांनी खिशाचं बटण लावलं.